पावण्याच्या तोंडचे शब्द

आबा, तुमची वही मागायला पुण्याहून दोघं आले होते. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही माझ्याहून लहान, खांद्याला कापडी पिशव्या. दारात उभं राहूनच मुलानं विचारलं, "तुमचे वडील छापखान्यात चित्रांचे ब्लॉक करायचे ना?" तुम्ही गेल्याला सहा वर्षं झाली. इतक्या दिवसांत तुमच्या कामाबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नव्हतं, त्यामुळे माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हे चौकशीला आलेत. मी चहा ठेवला, पण त्याआधी दोघांची नावं, पत्ते आणि कॉलेज एका कागदावर लिहून घेतलं. आई आतून म्हणाली, "अगं, चोर हाईत का ती?" मी म्हटलं, "अजून माहीत नाही." दोघांनी ते ऐकलं असणार. मुलगी हसली, मुलगा हसला नाही.

त्यांचं म्हणणं असं होतं. पुण्यात त्यांच्यासारखे दहा-बाराजण आहेत, जे जुन्या दैनिकांतल्या चित्रांच्या पट्ट्या शोधतात. रोज छापून आलेल्या आणि दुसऱ्या दिवशी भज्यांच्या पुड्याला गेलेल्या. त्यातल्या एकीच्या आजोळी जुन्या ट्रंकेच्या तळाशी तुमच्या छापखान्याचं दैनिक अंथरलेलं निघालं, आणि त्यात 'पावणं'च्या अकरा पट्ट्या. आजऱ्याकडचा एक माणूस कोर्टाच्या तारखेला म्हणून कोल्हापुरात नातेवाइकाकडे एका मुक्कामाला येतो आणि परत जातच नाही, एवढीच ती गोष्ट. रोज तीन चौकोन. मिशीवाला यजमान त्याला घालवायला बघतो आणि काखेत छत्री धरलेला गोल पावणा काहीतरी बोलून तिथंच राहतो. हे वाचून ही मुलं वेडी झाली होती. छापखान्यात फायली नाहीत, वाळवीनं खाल्ल्या. मग त्यांना चाचा सापडले, तुमच्याबरोबर खिळे जुळवणारे, आणि चाचांनी सांगितलं, त्या घरी जा, तिथं वही असणार.

चाचांचं नाव निघालं तेव्हा मी हातातली बशी खाली ठेवली.

वही काढून दिली नसती तर बरं झालं असतं, पण खोटं बोलायला मला आधी तयारी लागते. मी ती ट्रंकेतून काढली, त्यांच्यादेखत पानं मोजली आणि त्यांच्या हातात न देता माझ्याच मांडीवर ठेवून उलटत गेले. तुम्ही रोज संध्याकाळी खिशातून घडी करून आणलेली प्रुफं, आईनं भाताच्या पेजेनं चिकटवलेली. सुरुवातीच्या पट्ट्यांवर ते भराभर पुढं गेले. शेवटच्या सात-आठ महिन्यांच्या पट्ट्या आल्या आणि मुलगा गुडघ्यांवर आला. "हे बघा," तो तिला म्हणाला, "इथं चित्रकार पूर्ण बदलतो. एकच चित्र तीनदा. माणूस हलत नाही, फक्त शब्द बदलतात. आणि बोलण्याच्या फुग्यात हाताची अक्षरं सोडून छापाचे खिळे! त्या काळात हे धाडस कुणी केलं होतं?" मुलगी म्हणाली, "आणि वाक्यं किती तोकडी. एक शब्द जास्त नाही. मोठा माणूस असणार हा." मी मान खाली घालून पान उलटलं. मला वाटलं ते मुद्दाम बोलतायत, मला बोलतं करायला. अजूनही थोडं वाटतं.

आबा, तुम्हाला आणि मला माहीत आहे की चित्र तीनदा एकच का होतं. कोरलेल्या पत्र्यांत तेवढ्या एकाच चित्राचे तीन धड उरले होते.

त्या वर्षी मी चौथीत होते. पट्टी काढणारा चित्रकार सिनेमाचे फलक रंगवायचा, तो एका कंपनीबरोबर मुंबईला गेला आणि कोणाला काही न सांगता गेला. दैनिकाचे मालक, साहेब, म्हणाले, चार दिवस जुन्याच फिरवा, येईल तो. तो आला नाही आणि वाचकांची पत्रं यायला लागली, की शिळं का वाढता. तुम्ही हे घरी सांगत होतात तो प्रसंग मला दिसतो. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, हातांना तेजाबाचा तो वास आहे, जो साबणानं कधी गेला नाही. मी चुलीच्या उजेडात कालचीच पट्टी पुन्हा वाचून दाखवते. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पण ब्लॉकवर अक्षरं उलटी असतात आणि ती उलटी अक्षरं तुम्ही आकारानं ओळखायचात, म्हणून कधीकधी प्रूफ आरशासमोर धरून म्हणायचात, "आता कसं, ओळखीचं वाटाय लागलं." त्या संध्याकाळी मात्र तुम्ही आरसा मागितला नाही. म्हणालात, "पट्टी बंद पडली तर पोरगी वाचणार काय? गुळाचं भाव?"

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ते सुरू केलंत. जुन्या ब्लॉकांचे पत्रे लाकडावरून सोडवायचे, बारीक करवतीनं यजमान एकातून कापायचा, पावणा दुसऱ्यातून, दार तिसऱ्यातून, आणि सगळं नव्या लाकडावर ठोकायचं. फुगा कापून भोक ठेवायचं, त्यात चाचांनी खिळे बसवायचे. साहेबांना सांगायचं, चित्रकाराचा माणूस येऊन देऊन गेला. दिवसाला एक खोटं, आणि ते तुम्ही दोघांनी वाटून घेतलं होतं, एक दिवस तुम्ही बोलायचं, एक दिवस चाचा. तुम्ही दोघं एकाच डब्यातलं जेवायचात. आईच्या भाकरीवर चाचांच्या घरची चटणी. मी छापखान्यात आले की चाचा मला खिळ्यांच्या खणासमोर उभं करून म्हणायचे, "ढुंड, 'क' कुठं हाय?"

पहिल्या आठवड्यात शब्द चाचांचेच होते. पण चाचांचा विनोद लांब असायचा, आधी सासरा यायचा, मग टांगा यायचा, मग हसू. तो फुग्यात मावेना. तुम्ही घरी येऊन हसत म्हणालात, "त्याचं बोलणं भोकात बसंना झालंय. पोरी, तू सांग, पावणं काय म्हणंल?" आणि प्रूफ माझ्यापुढं धरलंत, फुगे पांढरे. मला जोडाक्षरांची भीती वाटायची, म्हणून मी सोपं आणि थोडकं सांगितलं. यजमान म्हणतो, पावणं, गाडीची वेळ झाली. पावणा म्हणतो, गाडीला सांगा, सावकाश जा. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली, इतकी हसली. मी ते शिसपेन्सिलीनं पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, तुम्ही तो कागद टोपीत ठेवून नेलात. मला तो खेळ वाटला. परवा त्या मुलीनं ज्याला मोठा माणूस म्हटलं, तो माणूस जोडाक्षरांना घाबरत होता.

खेळ नाही हे मला छापलेलं बघून कळलं. महिन्याभरानं मी वहीतल्या एका पट्टीखाली माझं नाव लिहिलं, सुवाच्य, शाळेत लिहितात तसं. तुम्ही ते पाहिलंत, म्हणजे काय लिहिलंय ते नाही, काहीतरी लिहिलंय एवढं पाहिलंत. "काय हाय हे?" मी सांगितलं. तुम्ही बोट जिभेला लावून ते नाव पुसायला लागलात आणि कागद फाटेपर्यंत थांबला नाहीत. "खाली नाव लिहायचं न्हाई. पट्टी त्या चित्रवाल्याची हाय, त्याचीच ऱ्हाणार. कुठं बोललीस तर बघ." तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही मारलं नाही. पण त्या दिवसापासून मला संशय आला, की आपल्या घरात काहीतरी चोरीचं आहे. तुमच्या टोपीकडे मी तशी बघायला लागले. ते भोक अजून वहीत आहे. मुलानं त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय झालंय?" मी म्हटलं, "झुरळ." बघा, तयारी नसतानाही जमलं.

आता पुढचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आमच्या बाई शनिवारी तास संपताना दैनिक वाचून दाखवायच्या. त्या शनिवारी त्यांनी 'पावणं' वाचलं आणि त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. "काय डोकं असेल हो लिहिणाऱ्याचं," त्या म्हणाल्या. सगळा वर्ग हसत होता. मला हसता येईना. त्यांनी ज्याचं कौतुक केलं तो मुंबईत फलक रंगवत होता, आणि मी दुसऱ्या बाकावर बसून ते कौतुक त्याला जाऊ देत होते. हे खोटं आहे, असं मला वाटलं. तुमचं खोटं मी कसंबसं गिळलं होतं, हे गिळवेना. मी हात वर केला. "बाई, ते मी सांगितलंय." बाई म्हणाल्या, "खोटं बोलू नये." सगळ्या मुली वळून बघायला लागल्या आणि मागून एक म्हणाली, "हिचा बाप तर आंगठाबहाद्दर हाय!" त्या एका वाक्यानं काय झालं कोणास ठाऊक. मी उभी राहिले आणि म्हटलं, "परवा सोमवारी यजमान म्हणेल, पावणं, तुमच्या गावाकडं पाऊस झाला म्हणं. आणि पावणं म्हणतील, मग हितंच बरं, तिकडं चिखल असंल."

सोमवारी बाईंनी दैनिक उघडलं, पावण्याचा तो चिखल वाचला आणि घडी करून टेबलात ठेवलं. मधल्या सुटीत त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, संपलं. बाईंच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आज कळतं, कारण आता मीही चौथीचाच वर्ग शिकवते आणि एखादं हुशार मूल दिसलं की मलाही कुणालातरी सांगावंसं वाटतं. बाई मंगळवारी कौतुकानंच साहेबांना भेटायला गेल्या. साहेबांनी ब्लॉकच्या खोलीत जाऊन कापलेले पत्रे बघितले, त्यांना कौतुक वाटलं नाही. आपल्या दैनिकाची पट्टी एक अंगठा लावणारा माणूस कापून जोडतो आणि त्याची चौथीतली पोर लिहिते, हे गावात कळलं तर हसं होईल, म्हणून पट्टी त्याच दिवशी बंद झाली. तुम्हाला ब्लॉकच्या खोलीतून काढून गठ्ठे बांधायला बसवलं. ब्लॉक मग बाहेरून करून यायला लागले.

तुम्ही त्या संध्याकाळी जेवला नाहीत. तुम्ही आईला म्हणालात, "दोघांलाच ठाऊक हुतं. मी बोल्लो न्हाई. मग कोण बोललं?" आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्यासारख्या पोरीचा कुणाला संशय येणार होता? मी भाजीतल्या मिरच्या वेचत होते. तुम्ही म्हणालात, "चाच्याच बोलला." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही डबा वेगळा नेलात. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "त्यांच्यातल्यांवर कशाला इस्वास ठेवायचा?" तुम्ही त्यांना गप्प केलंत, हे मी विसरलेले नाही. पण चाचांशी तुम्ही पुन्हा बोलला नाहीत. एकाच छपराखाली बारा वर्षं. तुम्ही गेलात त्या दिवशी चाचा आले होते, गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, टोपी हातात घेऊन. मी त्यांना पाहिलं. मी पुढं या म्हणाले नाही. तेव्हा मी ट्रेनिंग पुरं करून नोकरीला लागले होते. घाबरायचं वय राहिलं नव्हतं.

ही मुलं निघताना म्हणाली, आम्हाला याचं पुस्तक काढायचंय. चित्रकार मागेच वारला, त्याच्यावर लेख येईल. रविवारी वही न्यायला येतो, पावती लिहून देतो. आणि मुलगी जोडे घालताना सहज म्हणाली, "एक कोडं आहे. चाचा म्हणतात, शेवटच्या पट्ट्या कुणी केल्या ते मला विचारू नका, त्या घरातल्या मुलीला विचारा. तुम्हाला काही माहीत आहे?" मी म्हटलं, "आठवून सांगते."

म्हणून काल शाळा सुटल्यावर शाहूपुरीत गेले. एका स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानावर चाचांची खोली आहे. त्यांना आता धड दिसत नाही, माझ्या आवाजावर त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "या मास्तरीणबाई. अठरा वर्षं लावलीस जिना चढायला." मी बसले. मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते आणि त्यातलं काहीच निघालं नाही. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही त्यांना माझ्याकडं का पाठवलं?"

"मग कुणाकडं पाठवू? तुझ्या बापाकडं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुझी बाई साहेबाच्या खोलीत हसत हुती, मी दारात जुळवल्या खिळ्यांची गॅली घिऊन उभा. सगळं कानानं ऐकलं. तुझं नाव, तुझा चिखल, समदं."

"मग आबांना का नाही सांगितलं?"

चाचांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तुझा बाप लई तापट. त्याला कळलं असतं की शाळेनं त्याचं काम खाल्लं, तर तुझं दप्तर चुलीत गेलं असतं. माझ्यासंगं बोलला न्हाई, तर मी काय मरतोय का? पण चटणी एकट्यालाच खावी लागली, ते मातूर खरं."

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो चाचांवर आला. तुम्ही माझं दप्तर जाळलं असतं हे ते कशावरून म्हणतात? ज्यानं पोरीला वाचायला मिळावं म्हणून पत्रे कापले, तो? मी तसं म्हटलंही. चाचा म्हणाले, "तू त्याची लेक. मी त्याचा दोस्त हुतो. दोघांनी बघितलेला माणूस एकच असतोय असं न्हाई." घरी येईपर्यंत मी त्या वाक्याचा संशय घेत राहिले. कदाचित चाचा चांगले आहेत. कदाचित इतकी वर्षं गप्प राहण्याला काहीतरी कारण हवं म्हणून त्यांनी ते रचलं. आणि कदाचित ते खरं आहे, कारण त्या संध्याकाळी मिरच्या वेचताना मलाही तीच भीती होती. चुलीचीच. तुम्ही तसं केलं असतं का, आबा? हे मला आयुष्यात कळणार नाही, आणि ते न कळायची व्यवस्था मीच केली.

निघताना चाचा म्हणाले, "एक काम कर. त्या पोरांना सांग, फुग्यातलं खिळं मी बसवल्यात. माझं नाव बारीक छापलं तरी चालंल. साहेब गेला, चित्रवाला गेला, तुझा बाप गेला. आता कुणाचं हसं हुणार हाय?" मी जिन्याशी पोचले तेव्हा म्हणाले, "तुझं आपलं तू बघ."

तर हे असं आहे. चाचांचं नाव द्यायचं तर तुमचं द्यावं लागतं, तुमचं दिलं की तुम्ही बजावलेलं मोडतं, पट्टी त्याची हाय, त्याचीच ऱ्हाणार. तेही मोडीन, त्याची मला तितकी भीती नाही. पण मग ती मुलगी विचारणार, इतकी चांगली चाललेली पट्टी एका मंगळवारी बंद का पडली? ती विचारणारच, तिचे डोळे तसे आहेत. काहीच बोलले नाही तर पुस्तक निघेल, त्या चित्रकाराच्या धाडसावर लोक लेख लिहितील, आणि चाचा शाहूपुरीच्या त्या खोलीत ते कुणाकडून तरी वाचून घेतील.

आज सकाळी वही पुन्हा काढली. शेवटच्या पानावर जी पट्टी आहे ती छापलीच गेली नाही. सोमवारी संध्याकाळी तुम्ही आणली होती, मी शब्द सांगायच्या आधी झोपले, आणि मंगळवारी सगळं संपलं. पत्रे संपत आले होते म्हणून तुम्ही अगदी पहिल्या पट्टीतला चौकोन काढून शेवटी लावला होता. दारात पावणा, काखेत छत्री. तो येतोय की निघालाय ते कळत नाही. मुलगा परवा म्हणाला, हा शेवट म्हणजे कमाल आहे. त्याच्या डोक्यावरचा फुगा पांढरा आहे, अठरा वर्षं. मुलीनं निघताना दोनदा बजावलं होतं, कशालाही हात लावू नका, एक रेघसुद्धा नको.

रविवारी मी चाचांचं नाव सांगेन, आणि तुमचंही. एवढं ठरलंय. पुढं तोंड उघडेल की नाही, माझा माझ्यावर भरवसा नाही. हे पत्र मी वहीत ठेवणार नाही, ट्रंकेत तुमच्या टोपीखाली ठेवीन. तुम्ही असतात तर ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. पण एक केलंय, ते सांगते. तुमच्या त्या शेवटच्या फुग्यात मी शिसपेन्सिलीनं, जोडाक्षर न वापरता, दोनच शब्द लिहिलेत. पावणा म्हणतोय, मी बोलले. खोडरबर इथंच आहे, हाताशी. मी तो अजून उचललेला नाही.